फेडिव्हर्समधलं पहिलं खातं: सर्व्हर निवडण्यापासून सर्व्हर बदलण्यापर्यंत

मास्टोडॉन या समाजमाध्यमावर खातं उघडायला गेलं की पहिलाच प्रश्न येतो: कोणत्या सर्व्हरवर? बरेच नवे लोक तिथेच अडखळतात. पण हा प्रश्न टाळता येत नाही. इथे एक कंपनी आणि तिचं एक संकेतस्थळ अशी रचनाच नाही. वेगवेगळ्या व्यक्तींनी, गटांनी आणि संस्थांनी चालवलेले हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका प्रोटोकॉलने, म्हणजे संवादाच्या सामायिक नियमांनी, एकमेकांशी बोलतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला मानक म्हणून मान्यता दिली. या सगळ्या जाळ्याचं नाव फेडिव्हर्स. मास्टोडॉन हा त्यातला सर्वांत ओळखीचा भाग. त्याशिवाय फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, विषयवार चर्चेसाठी लेमी अशी कितीतरी सॉफ्टवेअर त्यात आहेत, आणि मास्टोडॉनच्या खात्यावरून पीअरट्यूबचं चॅनेल फॉलो करता येतं.

या व्यवस्थेचं सर्वांत मोठं आश्वासन असं: सर्व्हर पटला नाही तर दुसरीकडे जा, तुमचे फॉलोअर तुमच्यासोबत येतील. हे आश्वासन खरं आहे. पण त्याला अटी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक खातं उघडण्याच्या दिवशीच सांभाळाव्या लागतात. सर्व्हर बंद पडल्यावर जागं होऊन काही उपयोग नसतो. म्हणून पुढच्या पायऱ्या वाचताना ‘उद्या इथून निघावं लागलं तर?’ हा प्रश्न सतत मनाशी ठेवा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या

फेडिव्हर्सची तुलना नेहमी ईमेलशी केली जाते. पत्त्यापुरती ती बरोबर आहे: @नाव@सर्व्हर असे दोन भाग, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय पत्ता पूर्ण होत नाही. पण पुढे ही तुलना फसवी ठरते. ईमेल एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि विषय संपतो. इथे तुमच्या सार्वजनिक पोस्टची प्रत तुमच्या फॉलोअरांच्या प्रत्येक सर्व्हरवर पोचते आणि तिथेच राहते. पन्नास सर्व्हरवर फॉलोअर असतील तर पन्नास प्रती. एखाद्या पोस्टला तुमच्या स्क्रीनवर ४ लाइक आणि मित्राच्या स्क्रीनवर ३१ लाइक का दिसतात, खोडलेली पोस्ट कुठेतरी का उरते, जुन्या पोस्ट का दिसत नाहीत, या सगळ्याचं मूळ इथे आहे.

पायरी १: सर्व्हर निवडा

मास्टोडॉनच्या अधिकृत ॲपमध्ये मास्टोडॉन.सोशल हा सर्व्हर समोरच ठेवलेला असतो. तो मास्टोडॉन बनवणारी संस्थाच चालवते. फार विचार करायचा नसेल तर तो घ्यायला हरकत नाही, तो सहसा एकाएकी नाहीसा होणार नाही. पण तो फार मोठा आहे, आणि मोठ्या सर्व्हरवर मॉडरेटरांचं, म्हणजे पोस्टवर देखरेख ठेवणाऱ्यांचं, लक्ष पातळ होतं. आमचा सल्ला: काहीशे ते काही हजार सक्रिय सदस्य असलेला, तुमच्या आवडीच्या विषयाचा किंवा भाषेचा सर्व्हर शोधा. त्याचा लोकल टाइमलाइन, म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या सार्वजनिक पोस्ट, वाचण्याजोगा असतो, आणि नव्या माणसाला तो फार कामाला येतो.

जॉइनमास्टोडॉन या अधिकृत संकेतस्थळावरची यादी बघा. त्या यादीत येण्यासाठी सर्व्हर चालवणाऱ्यांना काही अटी मान्य कराव्या लागतात: वंशद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींविषयीचा द्वेष यांच्यावर कारवाई करणं, रोज बॅकअप घेणं, अडीअडचणीला सर्व्हरचा ताबा घेऊ शकेल अशी किमान एक दुसरी व्यक्ती असणं, आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास किमान ३ महिने आधी कळवणं. हा त्यांनी दिलेला शब्द आहे, रोज कोणी तपासायला येत नाही. तरीही शब्द न दिलेल्यापेक्षा दिलेला बरा.

मग त्या सर्व्हरचं ‘अबाउट’ पान उघडा आणि पाच गोष्टी तपासा. नियम लिहिलेले आहेत का आणि ते तुम्हाला पटतात का. ॲडमिन, म्हणजे सर्व्हर चालवणारा, कोण आहे, आणि गेल्या आठवड्यात त्याने काही लिहिलं आहे का. सर्व्हर किती वर्षं चालू आहे. खर्चाचे पैसे कुठून येतात: देणग्यांचा हिशेब उघड मांडणारा सर्व्हर सर्वांत विश्वासाचा. आणि कोणकोणते सर्व्हर त्यांनी ब्लॉक केले आहेत; बरेच सर्व्हर ही यादी कारणांसह उघड ठेवतात. यादी रिकामी असेल तर ‘वा, मोकळं वातावरण’ असं समजू नका. बहुधा तिथे मॉडरेशन करायला कोणी नाही.

सहावी गोष्ट बहुतेक लोक बघत नाहीत: डोमेनचं शेपूट, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग. दोन अक्षरी शेपटाचं डोमेन बहुधा कुठल्या ना कुठल्या देशाचं असतं आणि शेवटचा शब्द त्या देशाचा. क्वीअर.एएफ हा सर्व्हर अफगाणिस्तानच्या डोमेनवर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या अखत्यारीतल्या यंत्रणेने ते डोमेन बंद केलं. पत्त्याचा दुसरा भाग म्हणजे डोमेनच. डोमेन गेलं की त्यावरचे सगळे पत्ते गेले, सर्व्हरचं यंत्र ठणठणीत असलं तरी.

पायरी २: खातं उघडा

काही सर्व्हर लगेच प्रवेश देतात, काही ‘का यायचं आहे?’ असं विचारून अर्ज हाताने मंजूर करतात. तिथे दोन खरी वाक्यं लिहा. रिकामा किंवा एका शब्दाचा अर्ज स्पॅम समजून नाकारला जातो. मंजुरीला एखाद-दोन दिवस लागू शकतात. त्याआधी पडताळणीचं ईमेल येतं, ते स्पॅमच्या फोल्डरात शोधा.

ॲपमधून लॉगिन करताना आधी सर्व्हरचं डोमेन विचारलं जातं, नाव आणि पासवर्ड नंतर. इथे चुकीचा सर्व्हर टाकून ‘पासवर्ड चालत नाही’ अशी तक्रार करणारे खूप असतात. मिळाल्या मिळाल्या आपला पूर्ण पत्ता, डोमेनसकट, कुठेतरी लिहून ठेवा.

पायरी ३: पहिल्या अर्ध्या तासातली सेटिंग

ही कामं ब्राउझरमधून करा, ॲपमध्ये सगळी सेटिंग दिसत नाहीत.

दुहेरी पडताळणी चालू करा आणि मिळालेले १० रिकव्हरी कोड फोनबाहेर कुठेतरी ठेवा. मोठ्या कंपनीसारखा मदत कक्ष इथे नाही. फोन हरवला आणि कोडही नसले, तर फावल्या वेळात सर्व्हर सांभाळणाऱ्या ॲडमिनला गाठणं एवढाच मार्ग उरतो.

प्रोफाइलवर फोटो, दोन ओळींचा परिचय आणि एक परिचयाची पोस्ट टाका. याआधी कोणाला फॉलो करू नका. रिकाम्या प्रोफाइलवरून आलेली विनंती लोक स्पॅम म्हणून झटकतात.

‘प्रायव्हसी अँड रीच’ या पानावर तीन निर्णय घ्या. तुमचं प्रोफाइल इतरांना सुचवलं जावं का? तुमच्या सार्वजनिक पोस्ट शोधात याव्यात का? मास्टोडॉनच्या ४.२ आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, मजकुराचा शोध उपलब्ध आहे, पण ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांच्याच पोस्ट त्यात येतात आणि सर्व्हरवर ती सोय बसवलेली असावी लागते. तिसरा निर्णय: नवे फॉलोअर आपोआप स्वीकारायचे की तपासून? ‘फक्त फॉलोअरांसाठी’ अशा पोस्ट लिहिणार असाल तर तपासूनच स्वीकारा. दार उघडं असेल तर कोणीही फॉलोचं बटण दाबून आत येतं, आणि त्या पोस्टला काही अर्थ राहत नाही.

पोस्टची भाषाही ठरवून टाका. लिहिण्याच्या चौकटीखाली भाषेचा पर्याय असतो. मराठीत लिहून तिथे इंग्रजी ठेवलं, तर मराठी निवडून वाचणाऱ्यांच्या सार्वजनिक टाइमलाइनवर ती पोस्ट गाळली जाते, आणि भाषांतराचं बटणही नीट चालत नाही.

तुमचं संकेतस्थळ असेल तर पडताळणी करून घ्या. इथे पैसे देऊन निळी खूण मिळत नाही. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये दुव्याचा एक तयार कोड मिळतो. तो संकेतस्थळावर चिकटवा, मग त्या संकेतस्थळाचा पत्ता प्रोफाइलच्या रकान्यात टाकून सेव्ह करा. दोन्ही दुवे एकमेकांकडे बोट दाखवतात हे सर्व्हरला दिसलं की रकाना हिरवा होतो. क्रम उलटा केला तर खूण येत नाही. मग पुन्हा सेव्ह करा. या पडताळणीचं महत्त्व फार आहे. कुठल्याही दुसऱ्या सर्व्हरवर कोणीही तुमच्याच नावाने खातं उघडू शकतो, आणि त्याला अडवणारी मध्यवर्ती यंत्रणा नाही.

पायरी ४: टाइमलाइन स्वतः भरा

होम टाइमलाइन कालक्रमाने चालतो. जाहिराती नाहीत, ‘तुम्हाला हे आवडेल’ म्हणून अनोळखी लोकांच्या पोस्ट मध्ये घुसवल्या जात नाहीत. फेडिव्हर्सची खरी सुटका म्हणावी ती हीच. पण ज्याने कोणालाच फॉलो केलेलं नाही त्याला कोरं पान दिसतं, आणि पहिल्या आठवड्यात निघून जाणारे बहुतेक जण या कोऱ्या पानामुळे जातात.

त्यावर उपाय मेहनतीचाच आहे. पाच-सहा हॅशटॅग फॉलो करा, त्यांच्या पोस्ट होम टाइमलाइनवर येऊ लागतील. रोज दहा मिनिटं लोकल टाइमलाइन चाळा. आवडलेल्या माणसाने कोणाच्या पोस्ट बूस्ट केल्या, म्हणजे आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवल्या, ते बघून तिकडे जा. ५० ते १०० खाती फॉलो झाली की टाइमलाइन हलू लागतो. नको असलेल्या विषयांसाठी फिल्टर आहेत. शब्द टाकायचा, किती दिवस ते ठरवायचं, आणि पोस्ट झाकायची की पूर्ण गाळायची ते निवडायचं.

लिहिताना सवय बदला. फेव्हरिटने, म्हणजे लाइकने, पोस्ट कोणाच्या होम टाइमलाइनवर जात नाही, लिहिणाऱ्याला बरं वाटतं इतकंच. पुढे पोचवायची तर बूस्ट. प्रत्येक पोस्टला दोन-तीन नेमके हॅशटॅग लावा, कारण अनोळखी माणसाने तुमच्यापर्यंत येण्याचा तो मुख्य रस्ता आहे. नेहमीची मर्यादा ५०० अक्षरांची. दुवा कितीही लांब असला तरी २३ अक्षरंच मोजला जातो. चित्राला वर्णन जोडा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ते आहे, आणि इथले बरेच लोक वर्णन नसलेलं चित्र बूस्ट करत नाहीत.

हमखास अडणाऱ्या जागा

दुसऱ्या सर्व्हरवरचं प्रोफाइल ब्राउझरमध्ये उघडलं आणि फॉलो दाबलं, तर तिथे तुम्ही लॉगिन केलेलं नसतं. काही वेळा तुमचा सर्व्हर विचारला जातो, काही वेळा काम अडतं. नेहमी चालणारा उपाय: त्या प्रोफाइलचा किंवा पोस्टचा पत्ता कॉपी करा आणि आपल्या सर्व्हरवरच्या शोधाच्या चौकटीत चिकटवा. तुमचा सर्व्हर ती वस्तू ओढून आणतो, आणि मग तिथूनच फॉलो करा, उत्तर द्या. पीअरट्यूबच्या व्हिडिओचा पत्ता चिकटवूनही हेच करता येतं. तुमचं उत्तर तिकडे व्हिडिओखाली टिप्पणी म्हणून दिसतं.

प्रोफाइल उघडलं, पण पोस्ट दिसत नाहीत? तुमच्या सर्व्हरवरून त्या व्यक्तीला आजवर कोणी फॉलो केलेलं नसणार. फॉलो केल्यापासूनच्या पोस्ट यायला लागतात, जुन्या मूळ पानावर जाऊन वाचायच्या. हॅशटॅगचंही तसंच. तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या पोस्टच त्यात दिसतात, त्यामुळे लहान सर्व्हरवर हॅशटॅग ओसाड वाटतो.

अर्धवट दिसणारी चर्चा ही यातली सर्वांत त्रासदायक अडचण. तुमच्या सर्व्हरला माहीत नसलेल्या लोकांची उत्तरं तुम्हाला दिसत नाहीत, आणि मग दहा जणांनी आधीच दिलेलं उत्तर तुम्ही अकरावं देता. नव्या आवृत्त्यांत राहिलेली उत्तरं मागवण्याची सोय आली आहे, पण प्रत्येक सर्व्हर ताजा नसतो. वादाच्या किंवा मदतीच्या पोस्टला उत्तर देण्याआधी मूळ पान एकदा उघडून बघा.

खासगी म्हणजे किती खासगी

इथले खासगी संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील असे, नसतात. तुमच्या आणि समोरच्याच्या सर्व्हरच्या ॲडमिनने ठरवलं तर तो ते वाचू शकतो. आणखी एक खड्डा: खासगी संदेशात तिसऱ्या माणसाचा पत्ता @ लावून लिहिला, तर तो संदेश त्यालाही जातो. एखाद्याविषयी तक्रार सांगताना ही चूक झाली की फार महागात पडते. फोन नंबर, कागदपत्रं, तब्येतीच्या गोष्टी यांसाठी एन्क्रिप्टेड मेसेंजर वापरा.

धोका फक्त आगाऊ ॲडमिनचा नाही. मे २०२३ मध्ये एफबीआयने कोलेक्टिव्हा.सोशल या सर्व्हरच्या एका ॲडमिनच्या घरावर वेगळ्याच प्रकरणात छापा घातला आणि जप्त झालेल्या सामानात सर्व्हरच्या डेटाबेसची एन्क्रिप्ट न केलेली प्रत होती. सदस्यांचे ईमेल पत्ते आणि खासगी संदेश त्यात गेले.

खोडण्याविषयीही भ्रम नको. पोस्ट खोडली की तुमचा सर्व्हर इतरांना ‘ही काढा’ असा निरोप पाठवतो. बहुतेक सर्व्हर ऐकतात. जो बंद पडलाय किंवा ज्याने तुमच्या सर्व्हरशी संबंध तोडलाय, तिथे निरोप पोचतच नाही. जुन्या पोस्ट आपोआप खोडण्याची सोय आहे, कमीत कमी १ आठवड्यापासून. ती लावा, पण जे मुळात कुठेच राहायला नको ते लिहू नका.

सर्व्हर एकमेकांशी बोलणं थांबवतात तेव्हा

ॲडमिनकडे दोन हत्यारं असतात. सौम्य म्हणजे मर्यादा: त्या सर्व्हरच्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर येत नाहीत, पण फॉलो करणाऱ्याला दिसतात. कडक म्हणजे पूर्ण तोडणं. जुलै २०१९ मध्ये कडव्या उजव्यांच्या, द्वेषपूर्ण मजकुरासाठी बदनाम गॅब या नेटवर्कने मास्टोडॉनचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा मोठ्या संख्येने सर्व्हरांनी त्याला बाहेरच ठेवलं. मध्यवर्ती आदेशाशिवाय द्वेषाला वेस बंद करता येते, हे तिथे दिसलं, आणि ही या व्यवस्थेची मोठी ताकद आहे.

तिचीच दुसरी बाजू: दोन ॲडमिनांच्या भांडणात तुमची मैत्री तुटते. पूर्ण तोडलं की दोन्हीकडचे फॉलो पुसले जातात, आणि पुढे समेट झाला तरी ते आपोआप परत येत नाहीत. ४.३ आवृत्तीपासून कोणते संबंध तुटले याची सूचना मिळते आणि यादी उतरवून घेता येते. निर्णय पटला नाही तर ॲडमिनशी बोला, नाही जमलं तर शेवटची पायरी आहेच.

मॉडरेशन बहुधा स्वयंसेवक करतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मास्टोडॉनचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले, तेव्हा सर्व्हर रेंगाळले आणि ते चालवणारे लोक थकून गेले. तक्रार करताना पोस्ट निवडा, मोडलेला नियम निवडा, दोन ओळींत कारण लिहा, आणि दुसऱ्या सर्व्हरच्या माणसाविषयी असेल तर तक्रार तिकडेही पाठवण्याची खूण करा. ती खूण राहिली तर त्या माणसाच्या ॲडमिनला काही कळत नाही. आणि जमत असेल तर सर्व्हरला दरमहा थोडी देणगी द्या. जाहिराती नसल्याने तो खर्च कोणाच्या तरी खिशातूनच जातो.

थ्रेड्स आणि ब्लूस्काय

मेटाच्या थ्रेड्सवरच्या ज्या लोकांनी फेडिव्हर्स शेअरिंग चालू केलं आहे, त्यांना मास्टोडॉनवरून फॉलो करता येतं, तुमच्या सर्व्हरने थ्रेड्सला ब्लॉक केलं नसेल तर. ब्लूस्काय हे दुसरं समाजमाध्यम एटी प्रोटोकॉल या वेगळ्याच प्रोटोकॉलवर चालतं. तिथे ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवली आहे, त्यामुळे स्थलांतरात पोस्टही सोबत येतात, जे मास्टोडॉनला जमत नाही. मात्र तिथली बहुतांश खाती एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. ब्रिजी फेड नावाचा पूल दोन्ही बाजू जोडतो. पलीकडच्या माणसाने तो स्वतः चालू केलेला असावा लागतो.

शेवटची पायरी: सर्व्हर बदला

महिन्यातून एकदा ‘इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट’ पानावरून सीएसव्ही फायली (साध्या तक्त्यासारख्या याद्या) उतरवा: फॉलो, लिस्ट, म्यूट, ब्लॉक, ब्लॉक केलेली डोमेन, बुकमार्क. पाच मिनिटांचं काम आहे. पोस्टचं संपूर्ण संग्रहण ७ दिवसांतून एकदा मागता येतं, तेही घेऊन ठेवा.

निघायचं ठरलं की क्रम असा:

१. नव्या सर्व्हरवर खातं उघडा, प्रोफाइल भरा.
२. नव्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘दुसऱ्या खात्यावरून येत आहे’ या पर्यायाखाली जुन्या खात्याचा पूर्ण पत्ता टाकून उपनाम नोंदवा.
३. नव्या खात्यात सीएसव्ही फायली एकेक करून चढवा. ‘मर्ज’ निवडा, ‘ओव्हरराइट’ निवडलं तर तिथे आधी केलेले फॉलो पुसले जातात.
४. जुन्या खात्यात ‘दुसऱ्या खात्यावर जा’ या पर्यायाखाली नवा पत्ता आणि जुन्या खात्याचा पासवर्ड टाका.

दुसऱ्या पायरीशिवाय चौथी चालत नाही. कोणीतरी तुमचे फॉलोअर पळवू नयेत म्हणून दोन्ही खात्यांची संमती लागते. फॉलोअर हळूहळू सरकतात, काही तास लागू शकतात, आणि आकडा थोडा कमी भरतो: बंद सर्व्हरवरचे आणि ही सोय नसलेल्या सॉफ्टवेअरवरचे फॉलोअर मागे राहतात. पोस्ट जुन्या जागीच राहतात. त्यानंतर ३० दिवस पुन्हा स्थलांतर करता येत नाही.

हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असतानाच होतं, कारण ‘हे लोक आता तिकडे गेले’ असा निरोप त्यालाच पाठवायचा असतो. सर्व्हर अचानक गेला तर सीएसव्हीवरून तुम्ही ज्यांना फॉलो करता ते परत मिळतील, तुम्हाला फॉलो करणारे मात्र मिळणार नाहीत. म्हणून बंद होण्याची सूचना आली की शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. तेव्हा सगळेच निघालेले असतात आणि सर्व्हरच्या रांगा तुंबतात.

जुनं खातं लगेच खोडू नका. ते ‘इकडे गेले आहेत’ ही पाटी दाखवत राहतं आणि जुन्या दुव्यांवरून येणाऱ्यांना रस्ता सापडतो. खोडलंत तर पाटीही जाते, आणि त्या सर्व्हरवर तेच नाव तुम्हाला पुन्हा घेता येत नाही.